शेवंतीचं औषध

मैनाबाईंना पहिला मेलेला बेडूक दिसला तो गुरुवारी सकाळी, म्हशीला पाणी दाखवायला नेताना. खाणीच्या कडेला पांढरं काहीतरी तरंगत होतं. पलीकडच्या सोसायटीतून वाऱ्याने उडून आलेली पिशवी असेल, असं त्यांना आधी वाटलं. जवळ गेल्यावर कळलं, ते बेडकाचं पोट आहे. त्याच्या शेजारी दुसरं होतं, खडकाच्या कपारीत आणखी चार. कडेच्या उथळ पाण्यात आठवड्यापूर्वी बेडूकमासे इतके होते की पाणी काळं दिसायचं. आता तळाशी नुसता काळा गाळ बसला होता. नीट पाहिलं तर तो गाळ नव्हता.

मैनाबाईंनी म्हशीचं दावं आखडून धरलं आणि तिला पाणी न पाजताच मागे फिरवलं.

पाणी साठलेली ही जुनी, बंद पडलेली दगडखाण वस्तीच्या मागे होती. विश्रांतवाडी मागे टाकून आळंदी रस्त्याने थोडं पुढे गेलं आणि उजवीकडे आत वळलं की ही वस्ती लागते. गाव महापालिकेत गेल्यापासून रस्त्याला दिवे आले, तीन बाजूंनी बारा-बारा मजल्यांच्या इमारती उठल्या, आणि मधोमध गेनबा आणि मैनाबाई या नवरा-बायकोची सव्वादोन एकर जमीन तेवढी हिरवी राहिली. त्यात एक एकर शेवंती, बाकी मेथी, पालक, कोथिंबीर. मुलगा चाकणला कारखान्यात होता, सून निशा जवळच्या शाळेत शिकवायची. शेतात राबणारे हे दोघंच, आणि गेनबांची कंबर त्या वर्षी पार कामातून गेली होती.

बेडूक कशाने मेले हे मैनाबाईंना ठाऊक होतं. सोमवारी शेवंतीवर औषध मारायचं होतं. ऐन कळ्या धरायच्या वेळेला फुलकिडे पडले होते आणि कृषी केंद्रातल्या माणसाने नवं औषध दिलं होतं, जुन्यापेक्षा जहाल. गेनबांना पाठीवर पंप घेणं शक्य नव्हतं, म्हणून तो मैनाबाईंनी घेतला. तोंडाला पदर बांधला, हात उघडेच. शेवटच्या चार सरी राहिल्या असताना वारं फिरलं आणि फवारा तोंडावर आला. डोळे जळायला लागले, ओठ बधिर झाले. एरवी पंप धुवायचा तो बोअरच्या टाकीपाशी, बांधाच्या आतल्या बाजूला. पण सकाळपासून वीज नव्हती आणि टाकीत थेंब नव्हता. खाण चाळीस पावलांवर होती. त्या तिकडे गेल्या, कडेच्या उथळ पाण्याने भडाभडा तोंड धुतलं आणि अर्धा भरलेला पंप त्याच पाण्यात उपडा केला. बाटलीच्या तळाला औषध उरलं होतं आणि बाटलीचं झाकण तडकलेलं होतं. घरात तीन वर्षांची नात दिसेल ते तोंडात घालते, तिथे अशी बाटली न्यायची कशी? म्हणून तीही तिथेच ओतली आणि रिकामी बाटली बांधाला पुरून टाकली.

संध्याकाळी त्यांना दोनदा उलटी झाली. चहा बाधला, असं त्यांनी घरात सांगितलं.

शुक्रवार हा मुक्ताईचा दिवस. मुक्ताई मूळची वाशीमची, कोथरूडला तीन मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहायची आणि बेडकांवर पीएच.डी. करत होती. गेली तीन वर्षं दर शुक्रवारी सकाळी ती स्कूटीवरून यायची, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवायची आणि जाळी, वही घेऊन खाणीत उतरायची. शहराच्या कडेकडेने तिने अशी अकरा डबकी आणि तळी निवडली होती, काही शेतांना लागून, काही लांब. शेतांजवळच्या पाण्यात बेडूक वर्षागणिक कमी होत चालले होते. बेडूकमासे हळू वाढत होते, काहींच्या शेपट्या वाकड्या असायच्या. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो, श्वाससुद्धा बराचसा कातडीतूनच घेतो, त्यामुळे पाण्यात जे काही मिसळेल ते थेट त्याच्या अंगात जातं, असं ती मैनाबाईंना सांगायची. मैनाबाई भाकरी थापता थापता ऐकायच्या.

अकरांपैकी ही खाण एवढीच जागा अशी होती, की शेताला लागून असूनही तिथले बेडूक कमी झाले नव्हते. खाणीच्या कडेला खडकाचा सपाट कट्टा होता. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर पाणी साठायचं, खोल पाण्यापासून वेगळं, आणि बेडूक अंडी घालायला तिथेच यायचे. मुक्ताईने पहिल्याच वर्षी हात जोडून सांगितलं होतं, की औषधाचा पंप इथे धुऊ नका. मैनाबाईंनी शब्द दिला होता आणि तीन वर्षं पाळला होता. मुक्ताईच्या सगळ्या प्रबंधाचा भार त्या शब्दावर होता. साधी काळजी घेतली तर शेती आणि बेडूक एकमेकांशेजारी नांदू शकतात, हे दाखवायला तिच्याकडे ही एकच जागा होती.

त्या शुक्रवारी ती बूट न घालताच कट्ट्याच्या काठावर बसून राहिली. मैनाबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा तिने कप घेतला आणि खाली ठेवून दिला. जरा वेळाने तिने विचारलं, या आठवड्यात फवारणी झाली का, आणि पंप कुठे धुतला.

“पंप आमी टाकीपाशीच धुतो,” मैनाबाई म्हणाल्या. “तुला ठावं हाय.”

मुक्ताईने मान डोलावली. तिने पुन्हा विचारलं नाही. आणखी एकदा विचारलं असतं तर आपण सांगून टाकलं असतं, असं मैनाबाईंना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण पोरीने विश्वास ठेवला आणि तिथेच त्यांचं तोंड बंद झालं.

मुक्ताईने मेलेले बेडूक वेचून ओळीने मांडले. मोठे त्रेसष्ट भरले. बेडूकमासे मोजता येण्यासारखे नव्हतेच. काही तिने काचेच्या नळ्यांत भरले, परगावच्या प्रयोगशाळेत पाठवण्यासाठी. निकाल यायला महिना लागेल म्हणाली.

तोवर संशय गेला तो सोसायटीवर. तिथल्या सांडपाण्याच्या प्लँटचा पाइप ओढ्यात सुटायचा, आणि पाऊस मोठा झाला की ओढ्याचं पाणी खाणीत शिरायचं. मुक्ताईच्या सरांनी तिला महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रार द्यायला सांगितलं. दोन माणसं येऊन बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली. सोसायटीचे अध्यक्ष रंगनाथराव हे निवृत्त इंजिनिअर, उभा जन्म नारायण पेठेत काढून आता लेकाजवळ राहायला आलेले. मुक्ताई त्यांना भेटायला गेली तेव्हा त्यांनी तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बेडूक मेले की डास वाढतात, आणि डास बाराव्या मजल्यापर्यंत येतात,” ते म्हणाले. “स्वतःच्या घरात डास सोडण्याइतके आम्ही अजून उदार झालेलो नाही. पण आपण तक्रार दिलीच आहे, तर अहवाल येऊ द्या.”

अहवाल येईपर्यंत काहीतरी केलं असं दिसायला हवं, म्हणून कमिटीने प्लँट चालवणाऱ्या कोंडीरामला घरी बसायला सांगितलं.

कोंडीराम वस्तीतलाच. तरुणपणी याच खाणीत त्याने घण मारले होते, गेनबांच्या खांद्याला खांदा लावून. खाण बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं आणि सहा वर्षांपूर्वी सोसायटीत लागला. प्लँटवर त्याचा फार जीव. कुणी पाहुणा आला तर त्याला टाक्या दाखवायला न्यायचा. घरी बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी तो गेनबांकडे आला आणि पडवीत बसला. गेनबांनी आपणहून विषय काढला, की तुझा काही दोष नाही, चार दिवसांत परत बोलावतील.

“रोज त्ये पानी बाटलीत धरून उजेडाला बघायचो,” कोंडीराम म्हणाला. “एक दिवस चुकलो न्हाई. पन त्या आठवड्यात एकदा पहाटंच्या टायमाला डुलकी लागली व्हती, गेनबा. घंटाभर. त्या वक्ताला काय झालं आसंल तर? म्या कुणाला सांगितलं न्हाई. मुक्या जीवाला मारलं म्हंजे म्याच मारलं की.”

दाराआड मेथी निवडत बसलेल्या मैनाबाईंनी हे ऐकलं. इतके दिवस त्या स्वतःला समजावत होत्या, की बेडूकच आहेत, पुढच्या पावसाळ्यात परत येतील, सोसायटीचं काय वाकडं होणार आहे. आता एक म्हातारा होत आलेला माणूस त्यांच्या पडवीत बसून त्यांचं पाप आपल्या डोक्यावर घेत होता. त्यांना बाहेर जाऊन बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बांध उकरला. बाटली तशीच होती. मातीसकट ती एका जुन्या प्लास्टिकच्या डब्यात घातली, डबा दोन पिशव्यांत बांधला आणि गेनबांना सांगितलं, मुक्ताईकडे जाऊन येते. काय काम, असं त्यांनी विचारलं. आल्यावर सांगते, म्हणाल्या. विश्रांतवाडीला बस धरली, महापालिकेपाशी बदलली. कोथरूडला त्या यापूर्वी एकदाच गेल्या होत्या, एका लग्नाला. डबा मांडीवर न ठेवता पायांमध्ये धरून त्या सगळा रस्ता ताठ बसून राहिल्या. शेजारच्या बाईने जागा करून दिली तरी डबा वर घेतला नाही.

निघताना फोन केला होता, म्हणून मुक्ताई त्यांना न्यायला स्टॉपवर आली होती. तिचा चेहरा ओढलेला होता आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं. फ्लॅटवर दुसरं कुणी नव्हतं. गॅलरीत एका टबात ते रबरी बूट बुडवून ठेवले होते आणि सगळीकडे ब्लीचिंग पावडरीचा वास सुटला होता. मुक्ताई पाणी आणायला वळली, पण मैनाबाईंनी तिला थांबवलं. पाणी प्यायल्यावर बोलायचं धाडस होणार नाही, अशी त्यांना भीती वाटली.

“पंप टाकीपाशी धुतला न्हाई त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “खाणीत ओतला. बाटलीबी ओतली. ही बघ बाटली. तुला खोटं सांगितलं म्या.”

मग बाकीचं सगळं एका दमात बाहेर आलं. वीज नव्हती ते, वारं फिरलं ते, झाकण तडकलं होतं ते, कोंडीराम काय म्हणाला ते. मुक्ताई उभीच होती. ऐकता ऐकता ती भिंतीला टेकून खाली बसली. मैनाबाई बोलायच्या थांबल्या आणि ती आता काय म्हणेल याची वाट पाहत राहिल्या. जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं, असं त्यांनी बसमध्येच ठरवलं होतं.

“मावशी, त्या दिवशी तुम्हाला काय झालं?” मुक्ताईने विचारलं.

मैनाबाईंना प्रश्नच कळला नाही.

“तोंडावर फवारा आला म्हणालात. डोळे किती वेळ जळत होते? उलटी झाली का? हातापायांना मुंग्या?”

एवढ्या अठरा दिवसांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. दोनदा उलटी झाली, त्या म्हणाल्या. बोटांना तीन-चार दिवस मुंग्या येत होत्या. आता काही नाही. आणि हे सांगताना त्यांचा आवाज फुटला, जो बेडकांबद्दल सांगताना फुटला नव्हता.

मुक्ताईने आधी त्यांना साबणाने हात धुवायला लावले, दोनदा. मग आपल्या वडिलांचं सांगितलं. सोयाबीनवर फवारताना त्यांच्याही अंगावर असाच फवारा आला होता. घरी म्हणाले, ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी शुद्ध गेली, नऊ दिवस दवाखान्यात काढले, आणि डाव्या डोळ्याला अजून धूसर दिसतं. मुक्ताई तेव्हा बारावीला होती. तिने बेडूक हा विषय घेतला तेव्हा घरचे हसले होते, पण वडील हसले नव्हते.

मग ती गॅलरीतल्या टबाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मावशी, मला वाटत होतं, मीच मारले.”

बेडकांचा एक विषाणू असतो, तिने समजावून सांगितलं. तो शिरला की तळंच्या तळं आठवड्यात रिकामं होतं, आणि तो माणसांच्या बुटांना लागून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातो. म्हणून प्रत्येक ठिकाणाहून निघताना बूट जंतुनाशकात धुवायचे असतात. आदल्या आठवड्यात ती ताम्हिणीहून उशिरा परतली होती आणि त्या शुक्रवारी खाणीत उतरण्याआधी, तेवढ्या एका दिवशी, बूट धुतले नव्हते. मेलेले बेडूक पाहिल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. खाणीत विषाणू आला असेल, तर त्याच बुटांनी तो उरलेल्या दहा ठिकाणीही गेला असणार. सोसायटीविरुद्ध तक्रार लिहिताना दोष दुसऱ्याचा निघावा असं मनातून वाटत होतं. सरांना सांगायची हिंमत झाली नव्हती.

“औषध असेल तर ते तिथंच थांबतं,” ती म्हणाली. “एकदा ओतलं, एकदा मेले. पसरत नाही.” ती गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागली. ते दुःखाचं रडणं नव्हतं, हे मैनाबाईंना कळलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. अपराधी आपण, आणि समजूतही आपणच घालायची, याचं त्यांना नवल वाटलं.

जरा वेळाने मुक्ताई उठली, तोंड धुऊन आली. “राग आलाय मला तुमचा,” ती म्हणाली. “तो राहील थोडे दिवस. पण आधी डॉक्टरकडे चला.”

बाटली तिने हातमोजे घालून पाहिली. लेबलवर पिवळा त्रिकोण होता, म्हणजे विष जहाल. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की हे औषध पाण्यातल्या जीवांना घातक आहे, तळी आणि ओढ्यांपासून लांब ठेवावं. मैनाबाईंना भिंग दिलं असतं तरी ते वाचता आलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी लेबलचा फोटो पाहिला, डोळे तपासले, रक्त घेतलं आणि दोन दिवसांनी फोनवर कळवलं की सगळं ठीक आहे. पण पुढच्या वेळी चहाला नाव ठेवायचं नाही, असं बजावलं.

डॉक्टरांकडे गेल्या त्याच दुपारी दोघी स्कूटीवरून वस्तीवर आल्या. मैनाबाईंनी आधी गेनबांना सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, पंप तुझ्या पाठीवर मीच दिला. एवढंच. पायात चपला सरकवून ते स्वतः कोंडीरामला बोलवायला गेले.

कोंडीरामला सांगणं सगळ्यात अवघड होतं. मैनाबाईंनी ते उभ्याने सांगितलं, मान खाली घालून.

“म्हंजे माझं पानी चांगलं व्हतं,” कोंडीराम म्हणाला.

“चांगलं व्हतं, भावजी.”

“त्या डुलकीत काय झालं न्हाई.”

“काय बी झालं न्हाई.”

त्याने खांद्यावरचा टॉवेल तोंडावर दाबून धरला. मग चहा मागितला. घरी बसवल्यापासून त्याने आपणहून काही मागितलेलं हे पहिलंच, असं त्याची बायको पुढे मैनाबाईंना म्हणाली.

तक्रार मागे घेण्याचं पत्र घेऊन मुक्ताई रंगनाथरावांकडे गेली, बरोबर मैनाबाई आणि गेनबा. रंगनाथरावांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि कोंडीरामला उद्या सकाळपासून कामावर यायला सांगा, म्हणाले. मैनाबाईंनी माफी मागितली तेव्हा मात्र ते थोडे अवघडले. आपणही कोंडीरामला न विचारता घरी बसवलं, हे त्यांनी कबूल केलं. जाता जाता गेनबांनी विचारलं, कट्ट्यावरचं विषारी पाणी उपसायला सोसायटीचा पंप दोन दिवस मिळेल का.

“मिळेल की,” रंगनाथराव म्हणाले. “फक्त परत करताना धुऊन द्या. कुठे धुवायचा नाही, ते आता आपल्याला सांगायला नको.”

मैनाबाईंना पहिल्यांदाच हसू आलं.

मुक्ताईच्या सरांनी सांगितलं होतं, की असं औषध मातीला घट्ट धरून बसतं आणि उन्हाने हळूहळू मोडतं. म्हणून कट्ट्यावरचं पाणी ओढ्यात न सोडता गेनबांच्या पडीक तुकड्यावर, बांध घालून, जिरवायचं ठरलं. दोन दिवस पंप चालला. कोंडीराम ड्युटी संपवून येऊन पाइप धरायचा. तळाचा गाळ मुक्ताई आणि निशाने हातमोजे घालून घमेल्यांनी काढला. उघडा पडलेला खडक चार दिवस उन्हात तापला. मग श्रावणातला मोठा पाऊस आला आणि कट्टा पुन्हा भरला, यावेळी नुसत्या पावसाच्या पाण्याने.

प्रयोगशाळेचा निकाल त्यानंतर आला. विषाणू नव्हता. मुक्ताईने फोन केला तेव्हा मैनाबाई शेतात होत्या. ती इतकं भरभर बोलत होती की त्यांना अर्धं कळलं नाही, पण न कळण्यासारखं काही नव्हतं. सरांना तिने बुटांचं सगळं सांगून टाकलं होतं. ते थोडे रागावले आणि मग म्हणाले, की हे सगळं प्रबंधात लिही, खाणीचं आणि बुटांचंही. तीन वर्षं एक घर पंप धुवायची जागा सांभाळतं तर बेडूक टिकतात आणि एका दिवशी चुकलं तर त्रेसष्ट मरतात, याहून स्पष्ट पुरावा कुठे मिळणार होता? मैनाबाईंनी विचारलं, माझं नाव लिहिणार का. मुक्ताई म्हणाली, नाव नाही, पण वाचणाऱ्याला तुमचा राग येणार नाही असं लिहीन.

तिचा स्वतःचा राग कधी गेला ते कळलं नाही. एका शुक्रवारी तिने चहाबरोबर भाकरी मागितली, तेव्हा मैनाबाईंनी ओळखलं.

शेवंतीवरचे फुलकिडे काही गेले नव्हते. निशाने शाळेतून परतताना निळे चिकट सापळे आणून सरींमध्ये लावले. चार दिवसांत ते किड्यांनी भरले. औषध अजिबात मारलं नाही असं नाही. एकदा मारलं, सौम्य, वारा पडलेला असताना, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून. धुतलेलं पाणी पुन्हा पंपात घालून शेवंतीवरच फवारून संपवलं. काही फुलं डागाळलीच. गेनबा कुरकुरले, पण बाजारात न्यायच्या पाट्या भरायला लागल्यावर गप्प झाले.

पाऊस झाल्यावर आठव्या दिवशी कट्ट्यावर फेसासारखी अंडी दिसली. मुक्ताईचं म्हणणं, बेडूक खाणीच्या खोल बाजूला आणि ओढ्यात शिल्लक होते, तेच आले. बेडूकमासे झाले, त्यांना मागचे पाय फुटले, मग पुढचे. पूर्वीइतके नव्हते. मुक्ताईच्या वहीतला आकडा मागच्या वर्षीच्या एक तृतीयांश होता आणि पूर्वपदावर यायला दोन-तीन पावसाळे लागतील, असं ती म्हणायची. पण शेपट्या सरळ होत्या. तिने एकेक पकडून पाहिल्या होत्या.

घटस्थापनेच्या चार दिवस आधी, सकाळी आठच्या सुमाराला, मैनाबाई फुलांची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून येत होत्या. मार्केट यार्डला जाणारा टेम्पो रस्त्यावर उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अचानक त्यांना पायांपाशी गवत हलल्यासारखं वाटलं. खाली पाहिलं तर नखाएवढे बेडूक. खाणीतून वर येऊन बांध ओलांडत शेवंतीत शिरत होते. एखाद्याला अजून शेपटीचं टोक होतं. दहा-वीस नव्हते, जिकडे पाहावं तिकडे होते, आणि पाऊल टाकायला जागा नव्हती.

त्या जागच्या जागी थांबल्या.

गेनबांनी टेम्पोजवळून हाक मारली, की उशीर होतोय, काय झालं तिथे. मैनाबाईंनी पाटीला एक हात लावला आणि दुसऱ्या हाताने त्यांना थांबायची खूण केली.

“हालू नका तिकडनं,” त्या म्हणाल्या. “येतेच. ह्यांचं होऊ द्या.”